हौद्यात उभी तोफ: जुगाडाच्या गाड्या, खरी युद्धं आणि विज्ञानकथा

फलकावरचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की आज गाड्यांच्या पाठलागांवर गप्पा होणार. होणारच आहेत, ‘मॅड मॅक्स’शिवाय हा विषय पुढे सरकत नाही. पण त्याआधी आम्हाला दोन साधे प्रश्न विचारायचे आहेत. सामान वाहायला बनवलेल्या गाडीवर माणसं तोफ का चढवतात? आणि पडद्यावर तशी गाडी आली की आपण खुश का होतो? या दोन उत्तरांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, असं आमचं म्हणणं आहे. तो का बसत नाही, तेवढंच आज सांगायचं आहे.

आधी कोणती गाडी ते ठरवू. 1965 च्या युद्धात असल उत्तरजवळ अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या धक्कारहित तोफेने पॅटन रणगाडे फोडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. पण ती जीप आजच्या विषयात बसत नाही. तोफ तिच्यावर सैन्यानेच बसवली होती, म्हणजे गोळे, सुटे भाग, शिकवणी हे सगळं ठरलेलं. आमचा विषय आहे ती गाडी, जिच्यावर शस्त्र असावं असं कारखान्यात कुणाच्या मनातही नव्हतं. कुठल्या तरी आवारात, वेल्डिंगच्या ठिणग्यांत, नड आली म्हणून तिचं रूप बदललं.

अशा गाडीला जगभर एक नाव आहे, ‘टेक्निकल’. जरा विचित्रच नाव, नाही का? हे नाव रूढ झालं सोमालियात. जानेवारी 1991 मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली, देश टोळ्यांच्या हातात गेला, दुष्काळ पडला. मदत घेऊन आलेल्या संस्थांना धान्याचे ट्रक सुखरूप न्यायचे होते, पण स्वतःचे सशस्त्र रक्षक आणायची मुभा नव्हती. मग त्यांनी स्थानिक बंदूकधारीच भाड्याने घेतले. हा खर्च हिशेबात लिहायचा कसा? ‘तांत्रिक साहाय्य’ म्हणून लिहिला, आणि तेच नाव गाडीला चिकटलं, असं सांगतात. या व्युत्पत्तीवर मतभेद आहेत. तरी ती गोष्ट इतकी टिकली याला कारण आहे. ज्याला शस्त्र लागतं तो, ते वापरतो तो आणि त्याचे पैसे देतो तो, असे तीन वेगळे लोक तिच्यात आहेत. आणि तिसऱ्याला वहीत ‘बंदूक’ हा शब्द लिहायचा नाही.

हा तिसरा माणूस लक्षात ठेवा. आजचं सगळं व्याख्यान त्याच्याबद्दलच आहे.

आता चाडला जाऊ. उत्तर चाडमध्ये लिबियाचं सैन्य ठाण मांडून होतं. 1987 मध्ये चाडच्या फौजांनी त्याला जे हाकललं, त्या लढाईला ‘टोयोटा युद्ध’ म्हणतात. 2 जानेवारी 1987 रोजी फाडा इथे हसन जामूस यांच्या नेतृत्वाखाली टोयोटा पिकअप गाड्या लिबियाच्या ठाण्यावर चालून गेल्या. नोंदवलेले आकडे असे: लिबियाचे 92 टी-55 रणगाडे गेले, चाडचे 18 सैनिक आणि 3 टोयोटा. मार्चमध्ये वाडी डूमचा मोठा तळ पडला. सप्टेंबरमध्ये तर चाडने लिबियाच्या हद्दीत घुसून मातेन अल-सर्राचा विमानतळ उद्ध्वस्त केला.

ही गोष्ट नेहमी कशी सांगतात? गरिबाची पिकअप आणि श्रीमंताचा रणगाडा, आणि पिकअप जिंकली. ऐकायला झकास वाटतं. पण त्या पिकअपवर होतं काय? फ्रान्सने दिलेलं मिलान क्षेपणास्त्र, सुमारे 2 किलोमीटरवरून रणगाडा भेदणारं. दक्षिणेला आकाशावर नजर ठेवत होती फ्रेंच विमानं. अमेरिकेचीही मदत होतीच. शिवाय 1986 च्या अखेरीस लिबियाचे चाडमधले साथीदार त्याच्यावर उलटले. वाटा ओळखणारे, पुढे जाऊन टेहळणी करणारे तेच होते. ते गेले आणि रणगाड्यांचे जणू डोळेच गेले. टोयोटाचा वेग खरा, चालकांचं धाडस खरं. पण वेगाचा फायदा होतो तो समोरच्याला दिसेनासं झाल्यावर. जिथे लिबियाच्या विमानांचं चाललं, तिथे चित्र फिरलं. ऑगस्टमध्ये चाडने औझू घेतलं, आणि तीन आठवड्यांत ते परत गमावलं.

आणखी एक गोष्ट या शौर्यकथेत सहसा येत नाही. या गाड्या ज्या राजवटीसाठी धावल्या, तिचे प्रमुख होते हिसेन हाब्रे. मे 2016 मध्ये सेनेगलमधल्या विशेष न्यायालयाने त्यांना मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप दिली. ज्या आठ वर्षांच्या सत्तेसाठी त्यांना दोषी धरलं, त्यातलंच 1987 हे एक वर्ष. म्हणजे गाडी साधी, गरिबाघरची दिसते म्हणून तिच्या मागचा मालकही साधा असतो असं नाही.

कुणी म्हणेल, हे गरीब देशांचं झालं. तर मग जगातल्या सगळ्यात श्रीमंत सैन्याकडे बघू. व्हिएतनाममध्ये किनाऱ्यावरच्या क्वी न्यॉनपासून आत प्लेकूपर्यंत अमेरिकन ट्रकांचे तांडे 19 क्रमांकाच्या रस्त्याने जात. 2 सप्टेंबर 1967 रोजी आन खेजवळ एका परतणाऱ्या तांड्यावर छापा पडला. गाड्यांची वाताहत झाली, चालक मेले. संरक्षणाची अधिकृत व्यवस्था पुरेशी नाही हे चालकांना कळून चुकलं, आणि त्यांनी स्वतःच हात चालवले. मालवाहू ट्रकांच्या हौद्यात लाकडी फळ्या आणि वाळूची पोती रचली, मशीनगन बसवल्या. पावसात पोती भिजून गाडी जड व्हायची, म्हणून मग पोलादी पत्रे जोडले. काहींनी तर चिलखती गाडीचा अख्खा सांगाडा हौद्यावर उचलून ठेवला. गाड्यांना नावं दिली, ती रंगवली. त्यातली ‘ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन’ नावाची मूळ गाडी आजही व्हर्जिनियातल्या लष्करी वाहतूक संग्रहालयात उभी आहे.

यातला हिशेब बघा. ज्या ट्रकवर तोफ चढली, तो माल नेत नाही. म्हणजे मालवाहतूक वाचवण्यासाठी मालवाहतुकीतलाच ट्रक काढून घेतला. असा निर्णय साध्या चालकांवर का यावा? आणि युद्ध संपल्यावर काय झालं? ट्रक भंगारात, शिकलेला धडा विस्मरणात.

8 डिसेंबर 2004 रोजी कुवेतमधल्या तळावर एका सैनिकाने अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना तोंडावर विचारलं, की गाड्यांना लावण्यासाठी आम्हाला भंगारातून पत्रे का शोधावे लागतात? मंत्र्यांच्या उत्तराचा आशय असा होता की युद्धाला हाताशी असलेल्या सैन्यानिशीच जावं लागतं, हव्या असलेल्या नव्हे. सदतीस वर्षांनी पुन्हा चालक, पुन्हा भंगार. तिसरा माणूस मात्र या वेळी व्यासपीठावर उभा होता, आणि प्रश्न विचारणाऱ्यासाठी सैनिकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मते या विषयातला सगळ्यात नाट्यमय प्रसंग तोच आहे. त्यात एकही गोळी सुटत नाही.

आता पडद्याकडे वळू. विज्ञानकथेला ही गाडी फार आवडते, पण ती आणण्यासाठी कथा बहुतेक वेळा आधी जग बुडवते. अणुयुद्ध, तेल संपणं, रोगराई, काहीही चालतं. का? आम्हाला वाटतं, प्रलय ही लेखकाची सोय असते. जग बुडालं की तिसरा माणूसही बुडाला. पैसे कुणी दिले, क्षेपणास्त्र कुणी पाठवलं, पत्रा द्यायचा कुणी टाळला, हे विचारायला कुणी उरतच नाही. उरते गाडी, तिचे काटे, तिचा धूर. खऱ्या जगात नेमकं उलट असतं. मोगादिशूत गाडीवर तोफ चढत होती तेव्हा जपानमधला कारखाना व्यवस्थित चालू होता. टायर बंदरात उतरत होते, डिझेल विकलं जात होतं. जग बुडालं होतं ते काही लोकांपुरतं. बाकीच्यांचा धंदा सुरू होता, म्हणून तर गाडी धावत होती. टेक्निकल ही संस्कृतीच्या अंतानंतरची वस्तू नाही. दूर कुठेतरी ती उत्तम चालू असल्याचा तो पुरावा आहे.

दोन व्हिडिओ गेम घेऊ. 2001 मधल्या ‘हेलो’त वॉर्टहॉग नावाची गाडी आहे. काळ सव्विसावं शतक, पण घडण सोमालियाची: मागे हौदा, हौद्यात तोफ, तोफेमागे उघड्यावर उभा माणूस. ही सरकारी गाडी. तिचं इंधन संपत नाही, तोफेच्या गोळ्याही संपत नाहीत. खेळ म्हणून मजेशीरच, पण पुरवठ्याचा प्रश्न इथे उत्तर न देता पुसून टाकलाय.

फेब्रुवारी 2003 मधला ‘कमांड अँड कॉन्कर: जनरल्स’ जास्त बोलका आहे. त्यात टेक्निकल गरीब बंडखोरांच्या वाट्याला येते. शत्रूच्या मोडक्या वाहनाचं भंगार उचललं की तिच्यावरचं शस्त्र क्षणात मोठं होतं. वेल्डिंग नाही, मोडणारे पाटे नाहीत, धक्क्याने उलटणारी गाडी नाही. 2011 मध्ये लिबियातल्या बंडखोरांनी विमानाचे रॉकेट-नळे पिकअपवर बसवले होते. विमानातून नेम धरण्यासाठी केलेली ती वस्तू जमिनीवरून कुठे पडेल याचा भरवसा नसायचा. गेममध्ये भंगार कधी चुकत नाही. आणि गंमत बघा, या खेळात भंगार वेचतात ते अमेरिकेचे शत्रू. पुढच्याच वर्षी कुवेतमध्ये तो सैनिक उभा राहिला.

मग जॉर्ज मिलर यांचे चित्रपट वेगळे कसे? मिलर मूळचे डॉक्टर. सिडनीच्या रुग्णालयात आपत्कालीन विभागात काम केलेले. गाडी माणसाच्या शरीराचं काय करते ते त्यांनी टेबलावर पाहिलं होतं. 1981 च्या ‘मॅड मॅक्स 2’मध्ये वाळवंटातल्या तेलशुद्धीकरण केंद्रातून एक टँकर बाहेर काढायचा आहे. सगळी मारामारी त्याच्यासाठी. माणसं मरतात, गाड्या चुरडतात, शेवटी टँकर उलटतो आणि त्यातून वाहते वाळू. तेल पिंपांतून दुसऱ्याच गाड्यांत गेलेलं असतं. मॅक्सलाही हे ठाऊक नसतं. पाठलाग बघून ज्याची छाती फुगली होती, त्या प्रेक्षकाला इथे कळतं की आपणही वाळूच्या मागे धावलो. पुरवठा कुणाच्या हातात आहे आणि मरायला कुणाला पाठवलं, हा प्रश्न मिलर यांनी कथेच्या कळसावर आणून ठेवला.

2015 च्या ‘फ्युरी रोड’मध्ये ते आणखी पुढे गेले. तिथे प्रलय झाला, पण तिसरा माणूस बुडालेला नाही. पाणी इम्मॉर्टन जोच्या ताब्यात, इंधन गॅस टाउनमध्ये, गोळ्या बुलेट फार्मवर. वॉर रिग ही त्यांच्यामधल्या व्यवहाराची मालगाडीच आहे. हौद्यांवर आणि काठ्यांवर लटकणारी पोरं आजारी आहेत, त्यांना स्वर्गाचं आश्वासन दिलंय, आणि स्टिअरिंगची चाकं वेदीवर रचून ठेवलीत. गाडीची पूजा कोण शिकवतं आणि त्यात कुणाचा फायदा, हे चित्रपट स्पष्ट दाखवतो. फ्युरिओसा ते चाक वळवते, तोच कथेचा बंड.

तक्रार एकच. तो चित्रपटही त्याच गाड्या इतक्या देखण्या करतो की पोरांची भक्ती आपल्यालाही लागते. आणि इतक्या गाड्यांचे टायर येतात कुठून, हा ट्रकवाल्याला पहिला पडणारा प्रश्न तिथेही कुणी विचारत नाही.

आता आपल्याबद्दल थोडं. ‘जुगाड’ म्हटलं की आपल्याला कौतुक वाटतं. स्टेपनी नसताना गाडी घरी आणणारा गॅरेजवाला आपला हिरो असतो, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण जुगाडाचं कौतुक करताना, तो करायची वेळ कुणामुळे आली हे विचारायचं राहून जातं. व्हिएतनाममधल्या चालकांनी पत्रे जोडले ते कुणी त्यांची कल्पकता वाखाणावी म्हणून नव्हे. त्यांना घरी परतायचं होतं. त्यांच्या ट्रककडे संग्रहालयात पाहताना हातांचं कौशल्य दिसतं. त्या जाड पत्र्यात वरिष्ठांविरुद्धची एक लेखी तक्रारही आहे, ती वाचायला हवी.

म्हणून आम्ही समीक्षक म्हणून एक कसोटी वापरतो, ती तुम्हीही वापरून बघा. पुढच्या वेळी पडद्यावर तोफ चढवलेला ट्रक आला की विचारा: याचं डिझेल कोण देतं? हौद्यात उघड्यावर उभ्या असलेल्या पोराला तिथे कुणी उभं केलं? कथेकडे उत्तर असेल तर ती पुढे बघा, अगदी टाळ्या वाजवून बघा. नसेल तर, ते उत्तर वगळण्यात कुणाची सोय झाली, एवढं मनात धरून घरी जा.

इथेच थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.