लघुशंका, देहस्थिती आणि लज्जा : सोफी रिकेट यांच्या छायाचित्रमालिकेच्या निमित्ताने

ब्रिटिश छायाचित्रकार सोफी रिकेट यांनी १९९५ साली लंडनमध्ये कृष्णधवल छायाचित्रांची एक मालिका सिद्ध केली. रात्रीचे निर्मनुष्य शहर आणि त्या पार्श्वभूमीवर कार्यालयीन पोशाखातील स्त्रिया उभ्याने लघवी करीत आहेत, असे या छायाचित्रांचे स्वरूप आहे. त्यांपैकी एक व्हॉक्सहॉल पुलावरील आहे. मालिकेचे 'पिसिंग विमेन' हे नावही तितकेच रोखठोक आहे. त्याचा मराठी अनुवाद करू जाता प्रथम जी अडचण येते ती भाषेची नसून शिष्टाचाराची आहे. 'मुतणे' हे क्रियापद मराठीत लहान मुलांना, जनावरांना आणि पुरुषी शिवीगाळीला चालते. प्रौढ स्त्रीच्या संदर्भात मात्र 'बाहेर जाणे', 'जाऊन येणे' असे आडपडदे घ्यावे लागतात. 'लघुशंका' या सभ्य शब्दातही शंका आहेच.

या छायाचित्रांनी प्रेक्षक अस्वस्थ होतो, तो उघड्या देहामुळे नव्हे. त्यांत कामुकतेचा लवलेश नाही, विनोदाचाही नाही. अस्वस्थ करते ती देहस्थिती. स्त्रीने बसावे आणि पुरुषाने उभे राहावे हा निसर्गाचाच नियम आहे, अशी समजूत इतकी खोल रुजलेली आहे की तिच्या भंगाचे चित्र पाहिल्यावरच ती समजूत असल्याचे ध्यानात येते. ही समजूत निसर्गदत्त नाही, हे दाखविणारे पुरावे मात्र पुष्कळ जुने आहेत.

इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात (प्रकरण ३५) इजिप्तच्या चालीरीतींचे वर्णन केले आहे. तेथे स्त्रिया बाजारात जाऊन व्यापार करतात, पुरुष घरी बसून विणतात. पुरुष ओझे डोक्यावर वाहतात, स्त्रिया खांद्यावर. आणि स्त्रिया उभ्याने लघवी करतात, पुरुष बसून, असे तो सांगतो. देहधर्म घरात उरकावेत आणि जेवण रस्त्यावर करावे, कारण लाजिरवाणे परंतु अपरिहार्य ते गुप्तपणे आणि लाज नसलेले ते उघडपणे करावे, असा इजिप्शियनांचा युक्तिवादही तो नोंदवितो. या उताऱ्याची रचना पाहण्यासारखी आहे. इजिप्तचे सर्व काही इतर मानवजातीच्या उलट आहे, हे सूत्र आधी मांडून मग त्यात एकेक तपशील ओवलेला आहे. म्हणजे या वाक्यावरून इजिप्तविषयी किती कळते हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ग्रीकांविषयी निश्चितच कळते. स्त्रीने बसणे ही त्यांच्या दृष्टीने जगाच्या सुव्यवस्थेची खूण होती. पुढे बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स याने आयरिश लोकांविषयी नेमके हेच विधान केले : पुरुष बसून, स्त्रिया उभ्याने. आयर्लंडवर तेव्हा अँग्लो-नॉर्मन सत्ता पाय रोवीत होती आणि आयरिश माणूस रानटी ठरविणे सोयीचे होते. ज्या समाजास हीन लेखावयाचे, त्याच्या स्त्रीला लघवीसाठी उभे करावयाचे, अशी ही युक्ती दिसते.

विसाव्या शतकात या प्रश्नाला सैद्धांतिक वळण मिळाले. फ्रॉईड याने १९३० सालच्या 'सिव्हिलायझेशन अँड इट्स डिसकंटेंट्स' या ग्रंथातील एका तळटीपेत असा तर्क लढविला की, आदिमानवाला लघवीच्या धारेने अग्नी विझविण्याचा मोह होत असे. स्त्रीची शरीररचना तिला या मोहापासून दूर ठेवीत असल्याने चुलीचे रक्षण तिच्याकडे आले. विद्वत्तेच्या इतिहासात याहून चमत्कारिक तर्क थोडेच असतील. सिमॉन द बोव्हार हिने 'द सेकंड सेक्स' (१९४९) मध्ये बालपणाच्या विवेचनात हा विषय अधिक गांभीर्याने घेतला. लहान मुलीला मुलाचा हेवा वाटतो तो अवयवामुळे नव्हे, तर त्याच्या वाट्याला येणाऱ्या सोयीमुळे. तो उभा राहतो, धार हवी तेथे सोडतो, त्याचा खेळ करतो. तिला मात्र उकिडवे बसावे लागते, वस्त्र सोडावे लागते, लपावे लागते. उभ्याने लघवी करणाऱ्या स्त्रिया आणि बसणारे पुरुष असलेले समाजही आहेत, याची जाणीव बोव्हार स्वतः देते. फ्रॉईडने शरीररचनेवर लादलेला भार ती रूढीवर आणून ठेवते, हे तिचे मोठेच कार्य होय. तथापि उभे राहणे म्हणजे स्वातंत्र्य आणि बसणे म्हणजे मानहानी, हे समीकरण तिच्या विवेचनात जवळजवळ गृहीतच धरलेले आहे. मोजपट्टी पुरुषाचीच राहते.

भारतीय वाचकास हे समीकरण सहजासहजी पटणार नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकासाठी मलमूत्रविसर्जनाचे जे नियम आहेत, त्यांत चालताना वा उभ्याने विसर्जन करणे निषिद्ध मानले आहे. ग्रीक कवी हेसिअडही सूर्याकडे तोंड करून उभ्याने लघवी करू नये, असे बजावतो. धोतर नेसणारी पिढी बसूनच लघवी करीत असे. पाटलोण आणि सार्वजनिक मुतारी यांनी पुरुषाला उभे केले, असे मानण्यास जागा आहे. म्हणजे आपल्याकडे परंपरेने दोघेही बसत होते, आणि तरीही विषमता होतीच. ती देहस्थितीत नव्हती. मनूचे नियम पुरुषाला कोठे व कोणत्या दिशेस बसावे हे तपशिलाने सांगतात. स्त्रीला ते उद्देशून नाहीत. तिच्यासाठीचा नियम ग्रंथाबाहेर होता आणि तो एका शब्दात सांगता येतो : आडोसा. आडोसा नसेल तर अंधार, आणि अंधार पडेपर्यंत पाणी न पिणे.

या दृष्टीने रिकेट यांच्या मालिकेचे मूल्यमापन करता तिचे बळ आणि तिची मर्यादा एकाच ठिकाणी आढळतात. तिच्यातील स्त्री लपत नाही, घाईत नाही, कोणाची क्षमा मागत नाही. स्त्रीच्या देहधर्माला इतकी निर्विकार प्रतिष्ठा चित्रकलेने क्वचितच दिली असेल. रेम्ब्रांटच्या १६३१ सालच्या अम्लरेखनातील झाडाखाली बसलेली स्त्री पाहावी. तेथे पाहणारा चोरून पाहत असल्याचा भास होतो. रिकेट यांच्याकडे तो होत नाही. परंतु ही प्रतिष्ठा पुरुषाची मुद्रा उसनी घेऊन मिळविलेली आहे, आणि उसनवारीचा उपयोग समोरचा पक्षही करू शकतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०१५ साली रात्री उघड्यावर लघवी केल्याबद्दल एका तरुणीस दंड झाला. जवळपास स्त्रियांसाठी सोयच नव्हती, हा तिचा बचाव होता. २०१७ साली न्यायाधीशांनी दंड कायम ठेवताना, सुखावह नसले तरी पुरुषांची मुतारी तिला वापरता आली असती, असे मत व्यक्त केले. स्त्रीही उभी राहू शकते हे विधान येथे मुक्तीचे न राहता सोयी नाकारण्याचे निमित्त झाले. कागदाच्या वा सिलिकॉनच्या नरसाळ्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. प्रवासात, गिर्यारोहणात, गुडघेदुखीत त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु अस्वच्छ शौचालय स्वच्छ करण्याऐवजी बाईच्या पर्समध्ये नरसाळे देणे हे नगरपालिकेला स्वस्त पडते.

मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या 'राइट टू पी' चळवळीची मागणी म्हणूनच वेगळी होती. पुरुषाला मुतारी विनामूल्य असताना स्त्रीकडून त्याच कामाचे पैसे का घ्यावेत, हा तिचा प्रश्न होता. तिने देहस्थितीचा वाद घातला नाही; जागा, पाणी, दार आणि कडी मागितली.

रिकेट यांच्या छायाचित्रांत मात्र दार नाही आणि कडीही नाही. आहे ती रात्र. लंडनच्या छायाचित्रकाराने ती प्रकाशयोजनेसाठी निवडली असेल, रिकाम्या शहराच्या भव्यतेसाठीही निवडली असेल. मराठी प्रेक्षकाला त्या काळोखात आणखी काही दिसते : पहाटेपूर्वी गावाबाहेर निघालेल्या, हातात टमरेल घेतलेल्या बायकांची रांग, आणि मोटारीचा उजेड पडताच त्यांचे झटकन उठून उभे राहणे.