राधानाथ शिकदार यांचे घरगुती कागद

ज्योतिर्गणितात आयुष्य वेचलेल्या माणसाच्या खाजगी कागदपत्रांकडे चरित्रकार एका ठराविक अपेक्षेने वळतो. आकडेमोडीच्या आड राहिलेला माणूस रोजनिशीत, पत्रांत, हिशेबाच्या वह्यांत तरी बोलेल, ही ती अपेक्षा. कलकत्त्याच्या राधानाथ शिकदार (१८१३–१८७०) यांच्या बाबतीत मात्र ह्या शोधाची दिशाच बदलावयास हवी. त्यांचे सर्वांत घरगुती कागद छापील आहेत.

हिंदू कॉलेजात डिरोझिओंच्या प्रभावळीत वाढलेले राधानाथ १८३१ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात गणक म्हणून शिरले, पुढे मुख्य गणक झाले; १८५२ पासून कलकत्त्याच्या हवामान-वेधशाळेचा कारभारही त्यांच्याकडे आला. हिमालयाच्या सर्वोच्च शिखराची उंची कोणी काढली, हा वाद येथे बाजूस ठेवू. त्याने ह्या माणसाला पुरेसे झाकले आहे. १८४३ साली डेहराडूनला मॅजिस्ट्रेटने सर्वेक्षणाच्या मजुरांना वेठीस धरले तेव्हा हेच राधानाथ आडवे आले, आणि त्यापायी त्यांनी २०० रुपये दंड सोसला. त्यांची गद्यशैली समजून घेण्यास ही हकीकत अधिक उपयोगी आहे.

कारण १८५४ साली प्यारीचांद मित्रांसह त्यांनी काढलेली ‘मासिक पत्रिका’ मुख्यतः स्त्रियांसाठी होती, आणि तिची बंगाली घरात बोलली जाणारी होती. संस्कृत समासांनी जडावलेल्या गद्याचीच तेव्हा प्रतिष्ठा होती. मराठी वाचकास येथे बाळशास्त्री जांभेकर आठवतील: तेही गणिती, कुलाबा वेधशाळेशी संबंधित, आणि ‘दर्पण’चे (१८३२) संपादक. पण इंग्रजी-मराठी ‘दर्पण’ दिवाणखान्यात वाचला जाणार होता. ‘मासिक पत्रिका’ माजघरात शिरू पाहत होती. हे धाडस मोठे.

‘आलालेर घरेर दुलाल’ ही प्यारीचांदांची कादंबरी ह्याच मासिकातून क्रमशः आली, १८५८ साली पुस्तकरूप झाली, आणि बोलभाषेचे श्रेय तिच्यामागोमाग गेले. भूमापनावरील इंग्रजी ग्रंथाच्या १८५१ च्या प्रस्तावनेत राधानाथांचे ऋण मान्य केलेले होते. १८७५ च्या आवृत्तीतून ते वगळले गेले, तेव्हा ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ने निषेध केला. दुसऱ्या वगळणुकीचा निषेध करण्यास कोणी परका पत्रकार येणार नाही. ती वाङ्मयेतिहासकारांच्या हातून झाली आहे. मासिकाचे अंक दोन संपादकांचे म्हणून पुन्हा वाचले, तर ‘आलाली’ भाषेचा उगम एका कादंबरीकाराच्या लहरीपेक्षा दोघांनी आधीच ठरवलेल्या वाचकवर्गात सापडेल.