'एकच पोर्टल' म्हणजे नेमकं काय एक झालं?

ई-गव्हर्नन्सवर संशोधन करायचं ठरवलं की पहिला मोह होतो पोर्टलं मोजायचा. आधी इतकी होती, आता एकच आहे, म्हणजे सुधारणा झाली! हा निष्कर्ष घाईचा का आहे, ते ई-ग्रामस्वराजच्या उदाहरणावरून पाहू.

आधी श्रेय देऊ. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या पंचायत एंटरप्राइज सूटमध्ये 11 ॲप्लिकेशन्स होती. आराखड्याला प्लॅनप्लस, प्रगतीला ॲक्शनसॉफ्ट, हिशेबाला प्रियासॉफ्ट, मालमत्तांना नॅशनल ॲसेट डिरेक्टरी. म्हणजे गटाराचं काम एकच, पण त्याची माहिती ठिकठिकाणी. 24 एप्रिल 2020 ला ई-ग्रामस्वराज सुरू झालं आणि आराखडा, प्रगती, हिशेब एका साखळीत आले. आराखड्यात कामाला जी ओळख मिळते, तिच्यावरच पुढचा खर्च चढतो. हे नुसतं नवं होमपेज नाही, खरं एकत्रीकरण आहे.

आता हेच सातारा किंवा सांगली जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीच्या टेबलावरून पाहा. मनरेगाची हजेरी नरेगासॉफ्टमध्ये, घरकुलं आवाससॉफ्टमध्ये, नळजोडण्या जलजीवन मिशनच्या प्रणालीत. शिवाय राज्याच्या 2011 च्या लेखासंहितेचे 1 ते 33 नमुने आहेतच. पोर्टल एक झालं, पण एका मंत्रालयाच्या हद्दीत. गावाचं काम ती हद्द ओळखत नाही. मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच मांडलं होतं की संस्थेत संवादाची जशी रचना असते, तशीच तिने घडवलेल्या सिस्टिमची होते. म्हणून दोष प्रोग्रामरच्या माथी मारू नका.

मग दुबार काम खरंच कशाने कमी होतं? माझ्या मते एका स्क्रीनपेक्षा एका कोडने. नावांवर जुळवणी करून बघा. वाळवा तालुक्याचं मुख्यालय वाळव्यात नाही, माणचं दहिवडीत, खटावचं वडूजला, जावळीचं मेढ्यात. खानापूर तालुका सांगलीत आहे, तसा बेळगावातही. वाळवा रोमन लिपीत दोन तऱ्हेने लिहितात. 2011 च्या जनगणनेचा कोड मात्र ठरलेला: सातारा 527, सांगली 531. लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी प्रत्येक ग्रामपंचायतीलाही असाच कोड देते. त्याच जुन्या सूटमधलं हे सगळ्यात कमी चर्चेतलं ॲप्लिकेशन, पण वेगवेगळ्या खात्यांच्या प्रणालींना एकमेकांशी बोलतं करायचं तर पाया हाच.

तेव्हा तुमच्या प्रस्तावात मोजायचं एकक बदला. 'किती पोर्टलं' हे विचारू नका. एक काम निवडा आणि विचारा: त्याची माहिती किती वेळा टाइप झाली, कुणी केली, आणि दोन ठिकाणी आकडे वेगळे आले तर कोणता खरा धरतात? तिसरा प्रश्न बहुतेक प्रबंधांत सुटतो, आणि खरी गोम तिथेच असते.

एक सावधगिरी. प्रत्येक दुसरी नोंद वाया गेलेली नसते. लेखापरीक्षणाला स्वतंत्र नोंद लागते, ती 'डुप्लिकेट' म्हणून काढली तर चूक पकडायची सोयच जाते. कोणती पुनरावृत्ती तपासणीसाठी आणि कोणती निव्वळ खात्यांच्या भिंतींमुळे, हे वेगळं करणं हेच तुमचं संशोधन.

मंत्रालयाच्या डॅशबोर्डवर हे दिसणार नाही. पाटणमधली वाड्यावस्त्यांची एक ग्रामपंचायत घ्या, जतमधली एक घ्या, आणि परवानगी काढून ग्रामसेवकांच्या शेजारी आठवडाभर बसा. प्रश्नावली नंतर बनवा.