नाच्या कोण होणार?

मंचरचा माझा भाचा गेल्या उन्हाळ्यात जुन्नरला आमच्याकडे राहायला आला होता. एका रात्री मोबाइल पुढे करून म्हणाला, "मामा, यातलं मी काय होऊ?" पडद्यावर ढालवाला, धनुर्धारी, मांत्रिक, जखमा भरून काढणारी बाई अशी सात-आठ चित्रे होती. आपापल्या घरी बसलेली माणसे एकाच कल्पित मुलखात जमून खेळतात, तसला हा ऑनलाइन खेळ. आत शिरण्यापूर्वीच आपला 'क्लास' सांगावा लागतो. मागाहून पस्तावा झाला तर नवे पात्र घेऊन पहिल्यापासून सुरुवात. ज्याला खेळ ठाऊक नाही, त्यालाच हा प्रश्न सर्वांत आधी! मी म्हटले, "तुझ्याबरोबर कोण कोण आहे आणि ते काय झालेत, ते आधी सांग." हे मला तमाशामुळे सुचले.

या क्लासचे मूळ १९७४ सालच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या, टेबलाभोवती बसून खेळायच्या अमेरिकी खेळात आहे. तेव्हा ते तीनच होते : लढवय्या, मांत्रिक आणि पुरोहित. पुढे ऑनलाइन खेळांत टोळीतली कामेही साधारण तीन ठरली. एकाने शत्रूचा मार अंगावर घ्यायचा, एकाने सोबत्यांना जिवंत ठेवायचे, उरलेल्यांनी घाव घालायचे. घाव घालायला सगळे तयार असतात. पहिल्या दोन कामांना माणूस मिळता मिळत नाही आणि त्यांच्यावाचून टोळी हलत नाही. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गाजलेल्या खेळाने २०११ मध्ये त्यावर साधा उपाय काढला : ज्या कामाची टंचाई, ते पत्करणाऱ्याला जादा बक्षीस.

ही टंचाई आमच्याकडे जुनी आहे. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावच काय, लांबलांबच्या गावांचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला तिथे येतात. (२०२० चा पाडवा नेमका टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, २५ मार्चला आला, कसल्या सुपाऱ्या अन् कसले काय!) फडाविषयी लिहिणारे बहुधा सरदार, सोंगाड्या, नाच्या, मावशी, सुरते अशी यादी देऊन मोकळे होतात. मीही पूर्वी तेच केले आहे. पण ही नुसती स्वभावचित्रे नव्हेत, एकमेकांत अडकलेली कामे आहेत. सरदार गंभीर राहिला नाही तर सोंगाड्याचा विनोद पडतो. गवळणीत मावशी नसेल तर पेंद्याने टोमणे मारायचे कोणाला? सुरत्यांकडे कोणी बघत नाही, पण झील तुटली की पुढे गाणारा उघडा पडतो.

आनंद यादवांची 'नटरंग' ही कादंबरी आणि तिच्यावरचा रवी जाधव यांचा २०१० सालचा चित्रपट माझ्या मते या एकाच पेचावर उभे आहेत. गुणा हा कसलेल्या शरीराचा गडी. फड काढतो तो राजा व्हायच्या हौसेने. नाचणारी बाई मिळते, पण तिची अट असते, फडात नाच्या पाहिजे. कोणीच तयार होत नाही. तेव्हा ज्याला राजा व्हायचे होते तोच नाच्या होतो. समीक्षकांनी याला कलेसाठी केलेला त्याग म्हटले. मला ते अपुरे वाटते. गुणाने नाच्या निवडला नाही. फड मोडू नये म्हणून मोकळी राहिलेली जागा भरली. आणि जी जागा भरल्यावाचून खेळ उभाच राहत नाही, तिच्याबद्दल त्याच्या वाट्याला बक्षीस नव्हे, विटंबना येते. ती बोर्डावर संपत नाही, घरापर्यंत जाते. ऑनलाइन खेळ खेळणारा फोन खाली ठेवतो आणि सुटतो. गुणाला मात्र गावाने पायताण घालून फिरतानाही नाच्याच पाहिले.

चित्रपटात म्हाताऱ्या गुणाला शेवटी सन्मान मिळतो. अतुल कुलकर्णींचे काम बघताना डोळे भरतात हे कबूल, पण तो शेवट मला पटलेला नाही. त्याने अपमानाची परतफेड झाल्यासारखे वाटते आणि प्रेक्षक हलक्या मनाने घरी जातो. आमच्या नारायणगावच्या विठाबाईंना राष्ट्रपतींचे पदक एकदा नव्हे, दोनदा मिळाले, १९५७ आणि १९९० मध्ये. २००२ मध्ये त्या गेल्या. शेवटची वर्षे हलाखीत गेली. पुढे राज्य शासनाने त्यांच्याच नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्या भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात, तमाशाच्याच घरात वाढलेल्या. काय होऊ, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला असेल असे वाटत नाही.

भाच्याने त्या रात्री जखमा भरणारी बाई घेतली, कारण त्याच्या पाचही मित्रांनी तलवारी उचलल्या होत्या. दोन दिवस त्यांनी त्याला बाई बाई म्हणून चिडवले. तिसऱ्या दिवशी तो जेवत असताना तिघांचे फोन येऊन गेले, लवकर ये, आम्ही मरतोय.