‘राउटर बंद करून चालू केलात का?’

ग्रँड कॅनाल डॉकला, गूगलच्या युरोपीय मुख्यालयाच्या शेजारच्या फ्लॅटमध्येसुद्धा, रविवारी आईला लावलेला व्हिडिओ कॉल अडकतोच. ती ‘ऐकू येतंय का रे?’ म्हणत राहते आणि आपण प्लग काढायला उठतो.

दोष शेजाऱ्यांच्या वायफायवर ढकलणं सोपं आहे. थोडं खरंही आहे ते: २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनेल जेमतेम तीन, आणि भिंतीपलीकडे राउटरच राउटर. पण गर्दीनं नेट मंदावतं. दर दोन दिवसांनी रीस्टार्ट मागणाऱ्या डब्याचं दुखणं बहुधा फर्मवेअरमध्ये असतं, आणि ते आपल्या हातात नसतं. कंपनीनं दिलेला राउटर असेल तर अपडेट कधी आलं, काय बदललं, काही कळत नाही. (हेल्पलाइनचा सल्ला एकच: वर शीर्षकात आहे.)

तांत्रिक अडचण आहे असंही नाही. लिंक्सिसनं २००३ मध्ये डब्ल्यूआरटी५४जीचा लिनक्सवर बेतलेला सोर्स कोड खुला केला. परवान्यामुळे करावाच लागला. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, आणि कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेले कितीतरी राउटर आजही त्यावर नीट चालतात. म्हणजे यंत्र मेलेलं नसतं, कंपनीचा रस संपलेला असतो.

युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा आता साधारण किमान पाच वर्षं सुरक्षा अपडेट मागतो. पण ११ डिसेंबर २०२७ पासून, आणि त्यानंतर बाजारात येणाऱ्या मालासाठी. तुमच्या टीव्हीमागचा डबा त्यात बसत नाही.