इंचाला गॅलन : एक फसवे सूत्र

घरच्या काचपेटीत मासे किती सोडावेत? या छंदाची अनेक पुस्तके सांगतात : माशाच्या दर इंच लांबीला १ गॅलन पाणी. सूत्र सोपे आहे, पण आमच्या मते फसवे. ते १ इंची १० माशांना आणि १० इंची एका माशाला सारखेच पाणी देते. वजन मात्र लांबीच्या घनाने वाढते. बांधा सारखा धरला, तर तो एकटा मासा त्या दहांच्या एकूण वजनाच्या १०० पट भरेल!

आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या म्बुना या सिक्लिड माशांबाबत तर ते अधिकच लंगडे पडते. खडकांत राहणारे हे मासे जागेसाठी भांडतात. थोडेच असले, तर सारा मार एका दुबळ्यावर बसतो; म्हणून पाळणारे मुद्दाम दाटी करतात. पण दाटीबरोबर मलमूत्र आणि अमोनियाही वाढतो. शिवाय त्यांना अल्कधर्मी पाणी लागते. २५ अंश सेल्सियसला सामू ७ वरून ८ वर गेला, की अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो.

तेव्हा इंच मोजण्यापेक्षा पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट शून्यावर राहत नसतील, तर मासे जास्त झाले, सूत्र काहीही म्हणो. वर्गातही सूत्र पाठ करण्याआधी विचारू या : हे नेमके काय मोजते?