पुतळा आणि माणूस : दिग्दर्शकाच्या पुनःप्रतिष्ठेचा प्रश्न आणि 'पिंजरा'

१

एकदा मान्यता पावलेला दिग्दर्शक अपयशी ठरलेल्या चित्रपटांनंतर पुन्हा आपली प्रतिष्ठा मिळवू शकतो काय, हा प्रश्न चित्रपटविषयक चर्चेत वारंवार उपस्थित केला जातो. त्याच्या मुळाशी दोन गृहीतके असतात. पहिले असे, की 'अपयश' ही एकाच प्रकारची गोष्ट आहे. दुसरे असे, की दिग्दर्शकाची कारकीर्द ही चढती किंवा उतरती अशी एकच अखंड रेषा असते. ही दोन्ही गृहीतके तपासून पाहिल्याखेरीज प्रश्नाचे उत्तर होकारार्थी किंवा नकारार्थी देणे फारसे उपयुक्त ठरत नाही.

साहित्यसमीक्षेत हा प्रश्न इतक्या तीव्रतेने विचारला जात नाही, याचे कारण माध्यमभेदात आहे. कवीचा एखादा संग्रह दुबळा ठरला तरी पुढील कविता लिहिण्यासाठी त्याला कोणाची अनुमती लागत नाही. चित्रपट ही भांडवल, यंत्रसामग्री आणि अनेकांचे श्रम यांवर उभी राहणारी निर्मिती असल्यामुळे एका कृतीचे अपयश पुढील कृतीच्या शक्यतेवरच आघात करते. शिवाय आर्थिक अपयश आणि समीक्षेने केलेली अवहेलना या दोन गोष्टी नेहमी एकत्र येत नाहीत. लोकांनी उचलून धरलेला चित्रपट समीक्षकांना ऱ्हासाचे लक्षण वाटू शकतो, आणि तिकीटखिडकीवर कोसळलेला चित्रपट पुढील पिढीला श्रेष्ठ वाटू शकतो. हे दोन्ही प्रकार भारतीय चित्रपटाच्या इतिहासात एकाच वर्षी, १९५९ मध्ये, घडलेले दिसतात. व्ही. शांताराम यांचा 'नवरंग' आणि गुरु दत्त यांचा 'कागज के फूल' हे ते दोन चित्रपट होत. या दोन दिग्दर्शकांच्या पुढील वाटचालीची तुलना, आणि तिच्या केंद्रस्थानी शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२), असे प्रस्तुत विवेचनाचे स्वरूप आहे.

२

मराठी चित्रपटाच्या इतिहासात या प्रश्नाचे पहिले ठळक उदाहरण खुद्द दादासाहेब फाळके यांचेच आहे. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३), 'लंका दहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटांनी त्यांना आद्यप्रवर्तकाचे स्थान मिळवून दिले. परंतु बोलपटाच्या काळात कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेल्या 'गंगावतरण'ला (१९३७) यश लाभले नाही आणि तोच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १९४४ मध्ये नाशिक येथे त्यांचे निधन झाले तेव्हा चित्रपटव्यवसायाशी त्यांचा संबंध उरलेला नव्हता. पुढे १९६९ मध्ये त्यांच्या नावाचा सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. फाळके यांची प्रतिष्ठा परत आली, पण ती त्यांच्या हयातीत नव्हे आणि त्यांच्या नव्या कृतीमुळेही नव्हे. व्यक्ती विस्मृतीत गेल्यानंतर तिचे स्मारक उभे राहिले.

१९३७ हेच 'कुंकू'चेही वर्ष आहे. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट, त्यानंतरचे 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) यांनी शांताराम यांची जी प्रतिमा घडवली, ती सामाजिक जाणिवेच्या वास्तववादी दिग्दर्शकाची होती. १९४२ मध्ये 'प्रभात' सोडून त्यांनी मुंबईत 'राजकमल कलामंदिर' उभारले. तेथे निर्माण झालेल्या चित्रपटांत 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) होता, 'अमर भूपाळी' (१९५१) होता, तसा नृत्य आणि रंग यांना केंद्रस्थानी आणणारा 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) देखील होता. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवात पारितोषिक मिळाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी आलेला 'नवरंग' लोकप्रिय झाला. तथापि समीक्षेच्या दृष्टीने येथूनच शांताराम यांच्या उतरणीला आरंभ झाला, असे सामान्यतः मानले जाते. 'सेहरा' (१९६३), 'गीत गाया पत्थरों ने' (१९६४), 'बूँद जो बन गई मोती' (१९६७) आणि 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली' (१९७१) यांपैकी एकाही चित्रपटाला 'कुंकू'च्या पंक्तीत स्थान मिळाले नाही. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या चित्रपटांची तुलना समकालीन अन्य चित्रपटांशी क्वचितच झाली. ती झाली ती तीस वर्षांपूर्वीच्या शांतारामांशी. समीक्षेने 'प्रभात'कालीन दिग्दर्शकाचा एक पुतळा उभारला होता आणि हयात दिग्दर्शकाचे मोजमाप त्या पुतळ्याच्या उंचीने होत होते.

३

गुरु दत्त यांची कथा वरवर पाहता याच्या उलट आहे. बंगळूर येथे १९२५ मध्ये जन्मलेला, कोकणी मातृभाषेचा आणि कलकत्त्यात वाढलेला हा कलावंत १९४४ मध्ये पुण्याच्या 'प्रभात'मध्ये दाखल झाला. शांताराम तेथून दोनच वर्षांपूर्वी बाहेर पडले होते. दोघांनाही घडविणाऱ्या वास्तू एकच, पण त्यांची तेथे गाठ पडली नाही. 'प्यासा' (१९५७) या चित्रपटाने गुरु दत्त यांना जे स्थान दिले, ते 'कागज के फूल'च्या अपयशाने हिरावून घेतले. भारतातील हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यातील व्ही. के. मूर्ती यांचे छायालेखन आणि एम. आर. आचरेकर यांचे कलादिग्दर्शन पुरस्कारप्राप्त ठरले, पण प्रेक्षकांनी चित्रपट नाकारला. म्हणजे त्याच्या घटकांना मान्यता मिळाली आणि समग्र कृतीला मिळाली नाही.

यानंतर गुरु दत्त यांनी दिग्दर्शक म्हणून स्वतःचे नाव कोणत्याही चित्रपटाला दिले नाही. 'चौदहवीं का चाँद' (१९६०) एम. सादिक यांच्या नावावर आणि 'साहिब बीबी और ग़ुलाम' (१९६२) अबरार अल्वी यांच्या नावावर प्रदर्शित झाला. पहिल्याच्या यशाने त्यांच्या संस्थेची आर्थिक घडी सावरली. दुसऱ्याच्या दिग्दर्शनात गुरु दत्त यांचा वाटा किती, हा वाद आजवर मिटलेला नाही. परंतु त्या वादाचे अस्तित्वच येथे महत्त्वाचे आहे. दिग्दर्शक गुरु दत्त सावरले असतील, तर ते दुसऱ्याच्या नावाआड सावरले. १९६४ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

'कागज के फूल'चे पुनर्मूल्यांकन पुढील काळात झाले आणि त्यात मराठी समीक्षेचा वाटा लक्षणीय आहे. अरुण खोपकर यांचे 'गुरु दत्त : तीन अंकी शोकांतिका' हे पुस्तक १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि चित्रपटविषयक सर्वोत्कृष्ट पुस्तकाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला लाभला. ज्या चित्रपटाला अपघात मानले गेले होते, तो या वाचनात एका त्रिवेणी रचनेचा मधला अंक ठरला. हे पुनरुत्थान कृतीचे होते; दिग्दर्शकाला त्याचा उपयोग होण्याची वेळ निघून गेली होती.

४

तौलनिक दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रतिष्ठेची घसरण हा ज्या दोन चित्रपटांच्या निर्मितीमागील प्रश्न आहे, तोच त्यांचा विषयही आहे. 'कागज के फूल'मधील सुरेश सिन्हा हा नावाजलेला दिग्दर्शक सर्वस्व गमावून अखेरीस रिकाम्या स्टुडिओत दिग्दर्शकाच्या खुर्चीत प्राण सोडतो. 'पिंजरा'मधील श्रीधर मास्तर हे गावाचे आराध्यदैवत तमाशातील चंद्रकलेच्या ओढीने फडावरचे हरकाम करण्यापर्यंत उतरते.

'पिंजरा'चे 'द ब्लू एंजल' (१९३०) या जर्मन चित्रपटाशी असलेले नाते सर्वज्ञात आहे. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांचा हा चित्रपट हाइनरिख मान यांच्या 'प्रोफेसर उनराट' (१९०५) या कादंबरीवर आधारलेला होता. कादंबरीतील अध्यापक प्रतिष्ठा गमावल्यावर ज्या नगराने त्याला हिणवले त्या नगरालाच भ्रष्ट करून सूड उगवतो. स्टर्नबर्ग यांनी तो सूड गाळला. त्यांचा अध्यापक विदूषक होतो आणि शेवटी रात्रीच्या अंधारात आपल्या जुन्या वर्गात परतून टेबलाला घट्ट धरून मरतो. या शेवटाशी साम्य 'पिंजरा'चे नसून 'कागज के फूल'चे आहे. हा प्रभाव आहे काय, हे येथे ठरवण्याची आवश्यकता नाही. दोन्ही ठिकाणी पतित माणूस आपल्या अधिकाराच्या आसनाकडे परत जातो आणि आसन त्याला फक्त मरण देते, एवढे साम्य पुरेसे आहे. खुद्द स्टर्नबर्ग यांच्या कारकिर्दीचीही गत तीच झाली. १९३५ नंतर त्यांना पूर्वीचे स्थान पुन्हा मिळाले नाही आणि जपानमध्ये केलेला 'अनाताहान' (१९५३) प्रेक्षकांअभावी विरून गेला.

'पिंजरा'ने मात्र या शेवटात मूलगामी बदल केला. एका खुनानंतर चेहरा ओळखू न येणारे प्रेत मास्तरांचे समजले जाते. गाव शोक करते आणि मास्तरांचा पुतळा उभारते. जिवंत मास्तर दुसऱ्या नावाने फडाबरोबर भटकत राहतात आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली पकडले जातात. खरे सांगितले तर प्राण वाचतील, पण पुतळा कोसळेल. मास्तर गप्प राहतात आणि फाशी स्वीकारतात. येथे परतण्यासाठी आसनच रिकामे नाही, कारण त्यावर पुतळा बसलेला आहे. मान यांच्याकडे समाजाचा सूड, स्टर्नबर्ग यांच्याकडे समाजाकडून विटंबना, आणि येथे समाजाच्या श्रद्धेसाठी स्वतःला पुसून टाकणे असा हा रूपांतराचा प्रवास आहे.

या निवडीचे मूळ शांताराम यांच्याच पूर्वीच्या कृतीत शोधता येते. 'माणूस'मधील पोलीस शिपाई गणपत आणि वेश्या मैना यांची कथा ही 'देवदास'प्रणीत आत्मनाशाला दिलेले उत्तर म्हणून ओळखली जाते. प्रेम विफल झाले तरी माणसाने कर्तव्याकडे परतावे, असा तिचा आग्रह होता. 'कागज के फूल'मधील दिग्दर्शक ज्या चित्रपटाच्या निर्मितीत गुंतलेला आहे तो 'देवदास'च असावा, हा योगायोग बोलका आहे. तेहतीस वर्षांनंतर 'पिंजरा'त शांताराम त्याच प्रश्नाकडे परतले, पण उत्तर बदलून. मास्तरांना कर्तव्याकडे परतण्याचा मार्ग उरत नाही. 'माणूस'च्या आशावादाची ही दिग्दर्शकाने स्वतःच केलेली फेरतपासणी आहे.

५

'पिंजरा'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि लोकप्रियताही उदंड लाभली. सत्तरीत पोचलेल्या दिग्दर्शकाच्या या यशाची कारणमीमांसा कशी करावी? स्वतःची निर्मितिसंस्था हे कारण पुरेसे नाही, कारण तशी संस्था गुरु दत्त यांच्याकडेही होती. मातृभाषेकडे परतणे हेही एकट्याने पुरेसे नाही, कारण 'इये मराठीचिये नगरी' (१९६५) मराठीतच होता आणि त्याने हे साधले नाही.

निर्णायक ठरली ती परंपरेची आणि सहकाऱ्यांची निवड. तमाशाप्रधान चित्रपटाच्या परंपरेला चालना देणारा 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) हा 'राजकमल'चाच चित्रपट. ती परंपरा पुढे 'सांगत्ये ऐका' (१९५९) मध्ये समृद्ध करणारे अनंत माने यांची कथा, शंकर पाटील यांचे ग्रामीण बोलीवर हुकमत असलेले संवाद, जगदीश खेबूडकर यांची गीते आणि राम कदम यांचे संगीत यांचा 'पिंजरा'ला आधार मिळाला. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले हे दोघेही शांताराम यांच्या चित्रशैलीत घडलेले नट नव्हते. एक आधुनिक रंगभूमीतून आला होता, दुसरा लोकनाट्यातून. संध्या यांचा अभिनय पूर्वीच्याच शैलीबद्ध, मुद्राप्रधान पद्धतीचा आहे, आणि त्यावर घेतले गेलेले आक्षेप निराधार नाहीत. परंतु लागू यांचा संयत अभिनय समोर उभा राहताच या शैलीला एक वेगळा अर्थ प्राप्त होतो. जी शैली मागील दशकात अतिरेक वाटत होती, तीच येथे मास्तरांना खेचून घेणाऱ्या जगाची भाषा बनते. शांताराम यांनी आपला दोष टाकून दिला नाही. त्याला विरोध करणारी शक्ती त्यांनी चौकटीत आणली.

६

तरीही या यशाला कारकिर्दीची पुनःप्रतिष्ठा म्हणणे अचूक ठरणार नाही. 'चंदनाची चोळी अंग अंग जाळी' (१९७५) आणि अखेरचा 'झंझार' (१९८७) यांनी 'पिंजरा'चे यश पुढे नेले नाही. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार शांताराम यांना मिळाला, तो एका विस्मृतीत गेलेल्या दिग्दर्शकाच्या नावाचा सन्मान होता, आणि तो मुख्यतः अर्धशतकापूर्वीच्या कर्तृत्वाचा गौरव होता. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले.

यावरून असे म्हणता येईल, की सावरते ती कृती. कारकीर्द ही समीक्षेने मागाहून रचलेली कथा असते. फाळके यांच्या बाबतीत नाव सावरले, गुरु दत्त यांच्या बाबतीत नाकारलेली कृती सावरली आणि शांताराम यांच्या बाबतीत एक नवी कृती जन्माला आली. या तीन गोष्टींना एकच शब्द लावल्याने प्रश्न सुटत नाही, तो झाकला जातो.

समीक्षेसाठी याचा अर्थ गंभीर आहे. चढ, पतन आणि पुनरुत्थान ही रचना ती तटस्थपणे नोंदवते असे नाही. ज्या नीतिकथांचे विश्लेषण ती करते, त्यांच्याकडूनच ती ही रचना उसनी घेते. 'पिंजरा'तील गाव दुष्ट नाही, श्रद्धाळू आहे. पुतळ्याला हार घालताना समोरून जाणारा फाटका माणूस त्याला ओळखू येत नाही, एवढेच. १९६० च्या दशकातील शांतारामांकडे आणि १९५९ च्या गुरु दत्त यांच्याकडे पाहणाऱ्या समीक्षेची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती. 'नवरंग'पासून 'जल बिन मछली'पर्यंतचे चित्रपट श्रेष्ठ होते असा निष्कर्ष यातून निघत नाही. ते त्यांच्या स्वतःच्या अटींवर अद्याप वाचले गेलेले नाहीत, एवढा मात्र निघतो. आणि ते वाचन 'कुंकू'च्या पुतळ्याला पाठीशी ठेवून करावे लागेल.